बटाट्यांच्या नावाखाली

रायली आपल्या मुलीला कधी नाही म्हणत नसे. नाही म्हटलं की हेली कारण विचारायची, कारण सांगितलं की ते खोडून काढायची, आणि खोडून झालं की वर समजावून सांगायची. शाळेची मुख्याध्यापिका ती, समजावून सांगण्याचा तिला पगारच मिळत होता. त्यामुळे रायली सगळ्याला हो म्हणायची आणि मग आपल्या मनासारखं करायची. दोघींचं बरं चाललं होतं.

तळ्याकाठचं जुनं घर बर्फाच्या भाराने खाली बसलं, तेव्हाही रायलीने हो म्हटलं होतं. "नवीन घर होईपर्यंत तू माझ्याकडे शहरात, कुओपिओला राहा," असं हेली म्हणाली. हो. पण त्या 'होईपर्यंत'मध्ये दोन हिवाळे गेले. तिसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅट उबदार होता, स्वच्छ होता, आणि रायलीचा त्यात जीव गुदमरत होता. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची. लापशीत मीठ नसायचं. अंघोळीला गेली की हेली दाराबाहेरून विचारायची, "आई, ठीक आहेस ना?" दहा मिनिटं उत्तर दिलं नाही तर काय होईल, हे रायलीने एकदा करून पाहिलं होतं. ते दार पुन्हा बसवायला सुतार बोलवावा लागला.

अखेर यंदा हेलीने नव्या घराचा आराखडा जेवणाच्या टेबलावर पसरला. लाकडी ओंडक्यांचं छोटं घर. खाली काँक्रीटचे बुटके खांब, त्यावर घर, खालून वारा खेळता. भिंतीवर घर गरम करणारा विजेचा हीट पंप.

"खांबच बरे, आई. काम हलकं, लवकर होतं. आणि पंप मी इथून फोनवर चालू करीन. आपण शनिवारी पोचेपर्यंत घर गरम."

"आणि हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात आपण तिथे कशाला जाऊ?"

रायलीने आराखड्याकडे पाहिलं. खांबांवरच्या घरात हिवाळ्यात जमीन कशी होते ते तिला ठाऊक होतं. वरून पंप गरम वारा सोडतो आणि खालून पावलं बधिर होतात. हे घर उन्हाळ्याचं होतं. सप्टेंबरात कुलूप लागणार आणि रायली पुन्हा तिसऱ्या मजल्यावर.

"हो, छान आहे," ती म्हणाली, आणि उठून कॉफी करायला गेली.

तिला काय हवं होतं ते तिने त्याच रात्री ओसमोला फोनवर सांगितलं. ओसमो म्हणजे तळ्यावरचा शेजारी. काँक्रीटचा मिक्सर त्याच्या मालकीचा होता, आणि तोंड न उघडण्याची हातोटीही त्याच्याकडे होती. रायलीला घराच्या मधोमध दगडी चूल हवी होती. तिच्या आईच्या घरी होती तशी, माणसाएवढी उंच, बाजूला झोपायला दगडी बाक असलेली. सकाळी एकदा लाकडं जाळली की दुसऱ्या सकाळपर्यंत दगड ऊब देत राहतो. ती चूल असली की घर खांबांवर असो नाही तर झाडावर, हिवाळा काढता येतो.

"जड असते ती," ओसमो म्हणाला.

"म्हणून तर फोन केला."

"जमिनीवर नाही ठेवता येणार. तिला स्वतःचा पाया लागतो. खोल. गोठलेली माती खांबांना वरखाली करते, चुलीला नाही करून चालत. भेग पडली की धूर घरात."

"मग घालू पाया."

"हेलीला सांगितलंस?"

"हेलीला सगळं पटतं माझं," रायली म्हणाली.

मे महिन्यात बर्फ वितळलं तशी रायली तळ्याकाठी आली. सौनाची, म्हणजे वाफेच्या अंघोळीची, खोपटी अजून धड होती, तिथे एक खाट मावत होती. हेलीने परवानगी दिली ती एका अटीवर. मनगटाला एक पट्टा बांधायचा. तो पट्टा हेलीच्या फोनला सांगायचा की आई कुठे आहे, चालते आहे की पडली आहे. रायली हो म्हणाली.

खांबांचं काम कंत्राटदाराने करून दिलं. तो गेल्यावर रायली आणि ओसमोने खांबांच्या मधोमध खड्डा खणायला घेतला. पण खणताना एक अडचण आली. माणूस दिवसभर एकाच जागी वाकून-उठून करू लागला की पट्ट्याला वाटायचं हा वारंवार पडतोय. हेलीचे फोन सुरू झाले. तेव्हा रायलीने पट्टा काढला आणि दोरीत ओवून मुस्तीच्या गळ्यात बांधला.

मुस्ती हा पलीकडच्या तौनोचा काळा कुत्रा. तौनो एकटा राहायचा, आणि मुस्ती त्याच्यापेक्षा रायलीकडेच जास्त. सकाळी तो रायलीकडच्या माशाच्या डोक्यांसाठी यायचा, पट्टा बांधून घ्यायचा आणि रानात निघून जायचा. संध्याकाळी हेलीचा फोन यायचा.

"आई, काय फिरतेस गं! आज तर पार चर्चपर्यंत गेली होतीस."

"हवा छान होती."

"डॉक्टर खूश होतील. फक्त जरा हळू चाल. मधेच धावल्यासारखं दिसतं."

"ससा दिसला होता," रायली म्हणाली, आणि यात खोटं काहीच नव्हतं.

एका शनिवारी हेली आली तेव्हा खड्डा कमरेइतका झाला होता. लपवण्यासारखा राहिला नव्हता.

"हे काय?"

"बटाट्यांसाठी. जमिनीखाली थंडावा असतो. वरून झाकण."

हेलीने वाकून पाहिलं. बटाट्यांचा तळघर-खड्डा जुन्या घरालाही होता, त्यामुळे तिला त्यात वावगं दिसलं नाही. "एवढे बटाटे कोण खाणार?" इतकंच ती म्हणाली, आणि पुढच्या शनिवारी येईन सांगून गेली.

गुरुवारी रायलीने इर्जिकीची हाक घातली.

सावोत, म्हणजे तळ्यांच्या या मुलखात, ही पद्धत अजून शाबूत आहे. मोठं काम निघालं की शेजारी आपापली फावडी घेऊन येतात. मजुरीचं नाव कोणी काढत नाही, मालकिणीने पोटभर खाऊ घालायचं. काम कशासाठी आहे हेही कोणी विचारत नाही, कारण विचारलं तर उत्तर ऐकत बसावं लागतं. ओसमो मिक्सर घेऊन आला, त्याची बायको केर्ट्टू मासे भरलेल्या पावांची मोठी टोपली घेऊन आली, आणि तौनो नुसते हात घेऊन आला. सौनातल्या शेगडीवर वाटाण्याचं सूप रटरटत होतं. खड्ड्यात फळ्या ठोकून झाल्या होत्या, सळ्यांची जाळी बांधून झाली होती. मिक्सर खडखडू लागला आणि पहिली हातगाडी खड्ड्यात रिकामी झाली. रायलीने मनातल्या मनात घड्याळ लावलं. संध्याकाळपर्यंत काँक्रीट घट्ट होईल. शनिवारी हेली येईल तेव्हा ते दगडासारखं झालेलं असेल. आणि दगडाला काही समजावून सांगता येत नाही.

फोन सौनातल्या फळीवर वाजत होता. मिक्सरच्या आवाजात कोणाला ऐकू आला नाही.

दुसऱ्या हातगाडीच्या वेळी रस्त्यावर धूळ उडाली. हेलीची गाडी झाडांमधून अशी आली की केर्ट्टूने हातातलं फावडं टाकून दिलं. गुरुवार होता! शाळा चालू होती! पण हेलीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दार उघडं टाकून ती गाडीतून उतरली आणि धावत सुटली. बांधकामाकडे नाही, बोटीच्या धक्क्याकडे. धक्का संपला तरी ती थांबली नाही. शाळेच्या बुटांसह, चांगल्या स्कर्टसह ती सरळ पाण्यात उतरली, गुडघ्याच्या वर, आणि तळ्याकडे बघून ओरडली, "आई!"

असा आवाज रायलीने तिच्या तोंडून ती चार वर्षांची असल्यापासून ऐकला नव्हता.

"काय गं? काय झालं?" रायली मागून म्हणाली. हातात फावडं तसंच होतं.

हेली वळली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने आईकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे, मग तळ्याकडे. तळ्याच्या मध्यावरच्या खडकावर काहीतरी काळं बसलं होतं. ते उठलं, अंग झाडलं, पाण्यात शिरलं आणि सावकाश पोहत त्यांच्याकडे येऊ लागलं. बदकं हाताला लागली नव्हती, पण एकूण सकाळ चांगली गेली होती असा मुस्तीचा थाट होता. काठावर येऊन त्याने हेलीच्या अंगावर मनसोक्त पाणी उडवलं. गळ्यात पट्टा लुकलुकत होता.

तौनोने घसा खाकरला आणि आकाशाकडे पाहिलं.

"चर्चपर्यंत," हेली हळूच म्हणाली. "ससा."

"हेली, अगं..."

"मीटिंग टाकून आले मी. सगळ्या शिक्षकांसमोरून उठून. तळ्याच्या मधोमध तू. आधी हलतेस, मग थांबलीस. आई, थांबलीस तू!" तिचा आवाज चिरकला. "सबंध रस्ताभर मी..."

रायलीला आपली लाज वाटली. खरोखर वाटली. पण लाज वाटली तरी काँक्रीट थांबत नाही, आणि ते ओसमोने मोठ्याने सांगितलं.

"बोलणं मागाहून करा. मिक्सरमधला माल बसतोय."

केर्ट्टूने आपलं फावडं उचललं आणि हेलीच्या हातात दिलं. यात विचारण्यासारखं काही नव्हतं. शेजारी घाम गाळताहेत आणि घरची मुलगी हात बांधून उभी आहे, असं या तळ्यावर आजवर झालेलं नाही. झालं तर पुढची तीस वर्षं लोक त्याविषयी बोलणार नाहीत, आणि त्यांचं ते न बोलणं चर्चमध्ये, दुकानात, बोटीवर सगळीकडे ऐकू येईल. हेली इथेच वाढली होती. तिने फावड्याकडे पाहिलं, दात आवळले, ओले बूट काढून तौनोने पुढे केलेले रबरी बूट चढवले आणि खड्ड्याच्या काठावर उभी राहिली.

हातगाडी रिकामी झाली. हेलीने काँक्रीट कोपऱ्यात लोटलं. मग तिच्या लक्षात आलं आपण काय करतोय.

"ओसमोकाका, हे काय आहे?"

ओसमोने टोपी मागे सारली. सावोच्या माणसाला सरळ प्रश्न विचारला की त्याला अंगावर आल्यासारखं होतं. "आता ते कोण कसं बघतं त्यावर आहे."

"बटाट्यांचा खड्डा ना हा?"

"बटाटे राहतील यात. तसं म्हटलं तर."

"काँक्रीटने भरून टाकल्यावर?"

"बारके असले तर," ओसमो म्हणाला आणि लगबगीने मिक्सरकडे गेला.

"केर्ट्टूकाकू?"

"मी नुसती पाव घेऊन आले गं बाई."

"तौनोकाका, तुम्ही तरी!"

तौनोने वाकून खड्ड्यात पाहिलं. "सळ्या चांगल्या बांधल्यात," तो म्हणाला.

हेलीने सळ्यांकडे पाहिलं. खोली पाहिली. खड्डा बरोबर घराच्या मध्यावर होता, तिथून तिने वर छपरापर्यंत नजर नेली, जे छप्पर अजून आलंही नव्हतं. मुख्याध्यापिकेला गणित येत होतं.

"चूल," ती म्हणाली. "दगडी चूल. तू इथे हिवाळ्यात राहायचं ठरवलंयस."

"फावडं चालव," रायली म्हणाली. "लोक बघताहेत."

त्यानंतरचं भांडण त्यांनी खालच्या आवाजात केलं. काँक्रीट लोटत, सळईने ठोसत, एकमेकींकडे न बघता.

"कुत्र्याच्या गळ्यात पट्टा! इतकी लबाडी?"

"सरळ सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नाही!"

"मग?"

"पंप ठरला होता. तू हो म्हणालीस. तौनोकाकांकडे पंपच आहे. त्यांचं काही अडलं का?"

रायलीने मान वर केली. "तौनो, जानेवारीत वादळ झालं तेव्हा कुठे झोपलास ते सांग हिला."

तौनोने हातगाडीचं चाक तपासायला घेतलं. चाकाला काहीही झालेलं नव्हतं.

"सांग की."

"वीज गेली होती," तौनो म्हणाला. "तारांवर झाडं पडली. आली मग."

"कधी आली?"

"आली की. आठवड्याने." त्याने चाक एकदा फिरवून पाहिलं. "सौनात झोपलो, लाकडाच्या शेगडीपाशी. मुस्ती अंगावर घेऊन. पंप छान आहे तसा. शोभतो भिंतीवर."

केर्ट्टू तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावून हसली. हेली नाही हसली.

"आणि तू पडलीस तर?" ती आईला म्हणाली. आता तिचा आवाज खाली राहिला नव्हता. "बाहेर बर्फ, आत एकटी, पाय मोडून पडलीस तर? चूल येणार आहे का उचलायला?"

उत्तर केर्ट्टूने दिलं, फावड्यावर रेलून, हवामान सांगावं तसं.

"पंपाला धूर नसतो, पोरी. माणूस मेलं तरी तो गुरगुरतच असतो. चुलीचं तसं नाही. रोज सकाळी पेटवावी लागते. माझ्या खिडकीतून हिचं धुराडं दिसतं. सकाळी धूर दिसला नाही तर माझी कॉफी निवायच्या आत ओसमो इथे असेल."

"स्कीवरून," ओसमोने पुस्ती जोडली.

मिक्सर फिरत होता. रायलीला वाटलं, आता नाही बोलले तर पुन्हा कधीच बोलणार नाही. तिने सळई खाली ठेवली.

"तुझ्या घरी मी सुरक्षित असते गं. कळतं मला. तू किती करतेस तेही कळतं. पण सकाळी उठून मला करायला काहीच नसतं. तू जातेस आणि मी तू यायची वाट बघते. मी अजून वाट बघण्याइतकी म्हातारी झालेली नाही. मला लाकडं फोडायची आहेत, बर्फात भोक पाडून मासे धरायचे आहेत. आणि पडायचंच असेल तर माझ्या अंगणात पडायचं आहे." तिला धाप लागली. "खोटं बोलले ते चुकलं माझं. तू पाण्यात उतरलीस तेव्हा... ते मी विसरणार नाही. पण पाया मी घालणार."

एवढं सलग ती स्वतःच्या लग्नातसुद्धा बोलली नव्हती. तौनोने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

हेलीने फावडं खांबासारखं जमिनीत रोवलं. खिशातून टेप काढली. ती टेप तिच्याकडे नेहमी असायची, वर्गातल्या बाकांमधलं अंतर मोजायला. ती वाकून खड्ड्यात उतरली, इकडून तिकडे टेप लावली, ओठ हलवत काहीतरी मोजलं आणि उभी राहिली.

"ओसमोकाका, मिक्सर थांबवा. या बाजूची फळी काढा."

मिक्सर थांबला. एकदम इतकी शांतता झाली की डासांचा आवाज ऐकू येऊ लागला. रायली खड्ड्याच्या काठाशी आली. संपलं. फळी निघाली की ओला माल पसरणार, आणि पसरला की आज काही होत नाही. शनिवारी हेली समजावून सांगेल, सोमवारी कंत्राटदार खड्डा बुजवेल, आणि सप्टेंबरात तिसरा मजला.

"हेली, नको गं," ती म्हणाली. तिने आयुष्यात पहिल्यांदा मुलीला नाही म्हटलं होतं, आणि ते इतकं हळू निघालं की मुस्तीनेच फक्त कान टवकारले.

"नको काय?" हेली वैतागून म्हणाली. "एवढ्याशा पायावर नुसती चूल उभी राहील. बाक कुठे बसवणार? माल अजून पलीकडच्या कोपऱ्यात आहे, फळीपर्यंत आलेला नाही. अर्धा मीटर बाहेर घ्या ती. खणलेलं आहेच ऐसपैस. सळ्या उरल्यात ना?"

"उरल्यात," ओसमो म्हणाला.

"बाक आहे त्यात," रायली कशीबशी म्हणाली. "माझ्यापुरता आहे."

"तुझ्यापुरता! आणि मी आल्यावर? खांबांवरच्या त्या गारढोण जमिनीवर झोपू?"

रायलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिने काँक्रीटच्या हाताने पुसलं आणि गालावर राखाडी पट्टा ओढला गेला. मग मुलीने म्हटलेलं हळूहळू तिच्या डोक्यात उतरलं.

"आल्यावर म्हणजे? हिवाळ्यात?"

"मग कधी? दर शनिवारी येणार मी. नाही, शुक्रवारीच निघेन शाळा सुटली की. रस्ता मोकळा असेल तर मधे बुधवारीही. नाताळची सुट्टी तर सगळीच इथे. लापशी मी करीन, तू मीठ फार घालतेस."

ओसमोने फळीचे खिळे उपटायला सुरुवात केली होती. तो खाली मान घालून हसत होता आणि त्याचे खांदे हलत होते. केर्ट्टू तर सरळ सौनाकडे निघून गेली, सूप बघायला. रायली खड्ड्याच्या काठावर उभी होती. वसंतभर फसवाफसवी केली, कुत्र्याला चर्चपर्यंत पाठवलं, शेजाऱ्यांना खोट्यात ओढलं. कशासाठी, तर मुलीच्या पाळतीतून सुटण्यासाठी. आणि आता ती आपल्याच हाताने, खाली सळ्या घालून, गोठणाऱ्या मातीच्याही खाली खोल, मुलीच्या बिछान्याचा पाया घालत होती. घर हललं तरी हा हलणार नव्हता.

हेली गुडघ्यांवर बसून नव्या फळीला पाणसळ लावत होती. तौनोचे बूट तिला ढगळ होत होते आणि स्कर्टमधून अजून पाणी निथळत होतं. रायलीने तिच्याकडे पाहिलं आणि मग ओसमोजवळ जाऊन वाकली.

"लांबीलाही थोडं वाढव," ती त्याच्या कानात म्हणाली.

"कशाला? पोरगी एवढी उंच नाही."

"वाढव म्हणते ना. पाय बाहेर लटकले तर अर्ध्या रात्री उठेल आणि माझ्या पांघरुणात शिरेल. लहानपणापासूनची खोड आहे तिची. बर्फासारखे पाय असतात मेलीचे."

तिने फावडं उचललं आणि पुढची हातगाडी यायच्या आत मुलीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.